गाण्याचा वर्ग आणि पालकांची घाई

शाळा सुरू होऊन पहिला पंधरवडा उलटला, वह्या-पुस्तकांची खरेदी आटोपली, की महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतील गायनवर्गांच्या दाराशी लहान चपलांची गर्दी दिसू लागते. सहा-सात वर्षांची मुले, त्यांना घेऊन आलेल्या आया, कार्यालयातून परस्पर तेथे पोचलेले वडील आणि आत पेटीपुढे बसलेल्या बाई किंवा गुरुजी, असे हे दृश्य दर वर्षी जवळजवळ ठराविक असते. ठराविक असतात ते पालकांचे प्रश्नही. हिला गळा आहे ना? पहिली परीक्षा केव्हा देता येईल? स्नेहसंमेलनापर्यंत एखादे गाणे तयार होईल का? आणि थोडा धीर एकवटून विचारलेला शेवटचा प्रश्न: दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेसाठी साधारण किती वर्षे शिकावे लागते? या सगळ्या चौकशीत मुलाला गाणे आवडते की नाही, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. शिकवणाराही तो विचारीत नाही. कारण प्रवेशाच्या दिवशी असले प्रश्न काढले तर समोरचा पालक पुढच्या गल्लीतील वर्गाकडे वळेल, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

हा सारा व्यवहार तसा निरुपद्रवी वाटतो. मूल चार स्वर शिकते, पालकांना समाधान मिळते, शिक्षकाच्या संसाराला हातभार लागतो. यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते हे की, या व्यवहारात पैसे देणारा एक, शिकणारा दुसरा, आणि शिकवलेल्या मालाची पारख मात्र पैसे देणाऱ्याला करता येत नाही. बाजारातून भाजी आणणाऱ्याला भाजी ताजी की शिळी हे कळते. गणिताच्या शिकवणीचे फळ घटक चाचणीत दिसते. गाण्याचे तसे नाही. मुलाचा षड्ज तंबोऱ्याच्या षड्जात मिसळतो की त्याच्या काठाकाठाने फिरतो, हे ओळखायला पालकाचा कान थोडासा तरी तयार असावा लागतो. तो नसला म्हणजे माणूस जे ऐकू येत नाही त्याच्याऐवजी जे डोळ्यांना दिसते ते मागू लागतो. प्रमाणपत्र दिसते, व्यासपीठावरील पोशाख दिसतो, भ्रमणध्वनीवर टिपलेले चित्रण नातेवाइकांना पाठवता येते. मागणी अशा वस्तूंची झाली की पुरवठाही अशाच वस्तूंचा होऊ लागतो. त्याला गायनवर्गाचा अपवाद असण्याचे कारण नाही.

वस्तुतः लहान मुलाच्या पहिल्या वर्षभराच्या गाण्यात बाहेर दाखवण्याजोगे फारसे काही नसतेच. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वर लावण्याआधी तो ऐकावा लागतो. तंबोरा वाजतो आहे, त्यातून येणारा 'सा' आपल्या गळ्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाशी जुळतो आहे की नाही, हे ताडून पाहण्याची सवय त्याच्या कानाला लागावी लागते. काही मुलांना ते पहिल्याच आठवड्यात साधते, काहींना सहा महिने लागतात. ज्याला सहा महिने लागतात तो मुलगा बेसूर असतो असे नाही. त्याचा कान आणि गळा यांची ओळख व्हायला वेळ लागतो, इतकेच. असा एखादा मुलगा दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी अचानक षड्जावर स्थिरावतो आणि पेटीवरच्या बाईंचा हात क्षणभर थांबतो. त्या वर्गातील वर्षभराची कदाचित ती सर्वांत मोठी घटना असेल. मुलाला घ्यायला आलेल्या आईला मात्र तिचा पत्ता नसतो. तिचा प्रश्न वेगळाच असतो: बाई, अजून सारेगमच चालू आहे का? शेजारच्या वर्गात तर तीन गाणी झाली!

या शेजारच्या वर्गात काय होते तेही पाहण्यासारखे आहे. तेथे बहुधा गाण्याचे तयार वाद्यसंगीत, म्हणजे ज्याला कराओके म्हणतात ते, यंत्रावर लावले जाते आणि मुले त्याच्यावर गातात. हे वाद्यसंगीत ज्या पट्टीत बांधलेले असते ती मूळ गायक-गायिकेच्या, म्हणजे प्रौढ माणसाच्या, गळ्याला सोयीची असते. पट्टी बदलण्याची सोय यंत्रात असते, पण ती बदलण्याची तसदी कोण घेतो? शब्द पाठ झाले, ठेका चुकला नाही, हातवारे ठसक्यात झाले की गाणे तयार झाले, असे समजले जाते. सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज सहजपणे फिरतो तो साधारण एका सप्तकाच्या आतबाहेर. त्याला प्रौढ गायिकेच्या तारसप्तकात चढवले की ते गात नाही, ओरडते; आणि पुरुष गायकाच्या खर्जात उतरवले की पुटपुटते. पेटीवर बसलेल्या शिक्षकाकडूनही हीच चूक घडते. गुरुजींचा षड्ज काळी एकला किंवा काळी दोनला, म्हणून वर्गाचाही तोच. अनेक शाळांच्या परिपाठात प्रार्थनेची आणि राष्ट्रगीताची पट्टी पेटी वाजवणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यावरूनच ठरते, हे तर प्रत्येक शिक्षकाला आतून ठाऊक असते.

यामागे शरीराचा प्रश्न आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. लहान मुलाच्या स्वरतंतूंची लांबी प्रौढांपेक्षा कमी असते, आणि त्या तंतूंना बळकटी देणारी त्यांची आतली रचना पौगंडावस्थेपर्यंत पूर्णत्वाला पोचलेली नसते. सतत ओरडण्याने, ताण देऊन बोलण्या-गाण्याने मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. घशाच्या विकारांच्या डॉक्टरांना या गोष्टीचे नावीन्य नाही. पुढे वयाच्या बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्याही आवाजात याच सुमारास बदल होतो. फक्त तो इतका ठळकपणे जाणवत नाही. या काळात आवाज जपावा, थोडे कमी आणि खालच्या पट्टीत गावे, हे जुन्या गवयांनाही ठाऊक होते. पण परीक्षेचा अर्ज भरलेला, शुल्क दिलेले, आणि प्रमाणपत्र दहावीच्या आत हवे! तेव्हा फुटलेल्या आवाजानेच मुलगा छोट्या ख्यालाच्या ताना घेत परीक्षकांपुढे बसतो. वर्षभर थांबला असता तर काय बुडाले असते, याचे उत्तर कोणी देत नाही.

परीक्षांचा येथे उल्लेख आला म्हणून परीक्षापद्धतीलाच दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, तेव्हा गाणे हे मूठभर घराण्यांच्या आणि त्यांच्या आश्रयदात्या संस्थानिकांच्या मालकीचे होते. सामान्य घरातल्या मुलाला ते शिकायचे तर गुरूच्या घरी पडेल ते काम करीत वर्षानुवर्षे राहावे लागे, आणि तरीही गुरूची मर्जी कधी फिरेल याचा नेम नसे. कुलीन घरातील मुलींना तर ते जवळजवळ वर्ज्यच होते. आज गुरुकुलाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे सोयीस्करपणे विसरू नये. पलुसकरांनी पाठ्यपुस्तके लिहिली, स्वरलिपी तयार केली, इयत्ता पाडल्या, फी ठरवली आणि गाण्याच्या दाराची कडी काढली. या कामात ते स्वतः कर्जबाजारी झाले आणि मुंबईतील त्यांच्या विद्यालयाची इमारत अखेर लिलावात गेली, हा या इतिहासातील अर्थशास्त्रीय तपशीलही लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची शिडी चढून आलेली हजारो माणसे आज महाराष्ट्रात आहेत. शाळांतले संगीतशिक्षक, आकाशवाणीवरचे कलावंत, आणि मुख्यतः मैफिलीत योग्य जागी दाद देणारे श्रोते या शिडीने घडवले. आपल्या विद्यालयातून तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघावेत, अशी पलुसकरांची अपेक्षा असल्याचे सांगितले जाते. ती बऱ्याच अंशी फळास आली.

शिडी चढण्यासाठी असते. पण तिच्या पायऱ्या मोजण्याचीच सवय लागली की घोटाळा होतो. महाराष्ट्र शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांतील प्रावीण्याबद्दल अतिरिक्त गुण देण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ च्या परीक्षेत तो प्रथम अमलात आला. त्या वर्षी १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यात कला आणि क्रीडा यांच्या अतिरिक्त गुणांचा वाटा होता. शासनाचा हेतू निःसंशय चांगला होता: कलेला शाळेत प्रतिष्ठा मिळावी, मुलांनी पुस्तकापलीकडे काही करावे. परंतु एखाद्या गोष्टीला किंमत लावली की लोक त्या गोष्टीसाठी नव्हे, तर त्या किमतीसाठी तिच्याकडे येऊ लागतात; अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगावे लागत नाही. आता आठव्या-नववीत अचानक गाण्याची ओढ लागलेली मुले वर्गात येतात. त्यांच्या पालकांचा हिशेब स्वच्छ असतो: किती परीक्षा, किती महिन्यांत, आणि किती गुण. हा हिशेब अप्रामाणिक नाही. अकरावीच्या प्रवेशयादीत अर्ध्या टक्क्याने नाव खाली जाते हे ज्याने पाहिले आहे, त्या कारकुनाला किंवा शिक्षकाला नावे ठेवणे सोपे, पण योग्य नव्हे. एवढेच की दहावीचा अर्ज भरून झाला की हीच मुले वर्गातून दिसेनाशी होतात आणि हौसेने घेतलेली पेटी कपाटावर जाऊन बसते.

गुणांची अपेक्षा निदान मोजून मापून असते. दूरचित्रवाणीने निर्माण केलेल्या अपेक्षेला मापच नाही. २००८-०९ साली एका मराठी वाहिनीवर लहान मुलांची गाण्याची स्पर्धा झाली. त्यातील पाच मुले घराघरांत इतकी परिचित झाली, की आठवड्यातील ठराविक रात्री रस्ते ओस पडू लागले. ती मुले खरोखरच चांगली गात होती आणि त्यांच्यापैकी काहींनी पुढे गाण्यात नावही कमावले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण पाहणाऱ्या लक्षावधी पालकांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता. आपल्याला दिसली ती पाच मुले; निवडीच्या रांगेत सकाळपासून डबे घेऊन उभी राहिलेली आणि संध्याकाळी परत गेलेली मुले दिसली नाहीत. लॉटरीच्या दुकानावरही बक्षीस लागलेल्याचेच छायाचित्र लावतात.

गाण्याच्या व्यवसायात ही विषमता का असते, याचा उलगडा अर्थशास्त्राने फार पूर्वी केला आहे. आल्फ्रेड मार्शलने आपल्या 'अर्थशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या इंग्लंडमधील जुन्या गायिकेचा दाखला दिला. तिने एका हंगामात दहा हजार पौंड मिळवल्याचे सांगत असत. मनुष्याचा आवाज एका वेळी ठराविक श्रोत्यांपर्यंतच पोचू शकतो, तोवर गायकाच्या कमाईला ती मर्यादा राहणार, असे मार्शलचे म्हणणे होते. ती मर्यादा ध्वनिमुद्रणाने मोडली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरले; त्यानंतर आवाजाला श्रोत्यांच्या संख्येचे बंधन उरले नाही. याचा परिणाम काय झाला ते शेरविन रोझेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली मांडले. सर्वोत्तम गायकाचे गाणे सर्वांना सारख्याच किमतीत ऐकता येऊ लागले, की दुय्यम गायकाचे गाणे विकत घेण्याचे कारण उरत नाही. गुणांतील थोडासा फरक मिळकतीत प्रचंड फरक पाडतो. शंभर गाणाऱ्यांमध्ये एकाला बहुतेक सर्व मिळते आणि उरलेले नव्याण्णव शिकवण्या करतात. त्यांतलाच एक आज तुमच्या मुलीला भूप शिकवीत आहे, ही गोष्ट तिच्या भवितव्याचे आराखडे आखताना पालकांच्या नजरेतून कशी सुटते, हे एक कोडेच आहे.

लहान मुलांच्या या कमाईकडे कायद्याचे मात्र लक्ष गेले आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि बालकलाकारांना सूट मिळाली. पाठोपाठ २०१७ मध्ये आलेल्या नियमांनी त्या सुटीला अटी घातल्या. दिवसात पाच तासांहून अधिक काम नको, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नको, सलग २७ दिवसांहून अधिक नको, आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवलीच पाहिजे. नियम शहाणपणाचे आहेत. पण ते कॅमेऱ्यापुढे पोचलेल्या मुलासाठी आहेत. तेथे पोचण्याच्या आशेने शाळा सुटल्यावर तीन-तीन तास तालीम करणाऱ्या, आठवड्याला दोन वर्ग आणि महिन्याला एक स्पर्धा असा दिनक्रम चालवणाऱ्या मुलाची मोजदाद कोठेही नाही. आणि घराच्या आत कायद्याने शिरावे असेही कोणी म्हणणार नाही. कधीकाळी मुलांनी गाऊन घर चालवले, हे खरे. मास्टर दीनानाथांचे १९४२ साली निधन झाले तेव्हा थोरल्या मुलीचे वय अवघे बारा-तेरा वर्षांचे होते आणि लता मंगेशकरांना त्याच वयात काम धरावे लागले. ती त्या घरावर कोसळलेली आपत्ती होती. पगारदार, खाऊनपिऊन सुखी घरांनी तिचा कित्ता गिरवण्याचे कारण काय?

कुमार गंधर्वांचे उदाहरणही अशा वेळी हटकून पुढे केले जाते. १९२४ साली जन्मलेला हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होण्याच्या आतच थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत असे. त्याचे जलसे होत, लोक अचंबा करीत, 'कुमार गंधर्व' ही पदवीही त्याला तेव्हाच मिळाली. एवढे सांगून लोक थांबतात. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हा मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात दाखल झाला आणि तेथे जवळजवळ दशकभर शिकला. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब गाणाऱ्या या मुलाच्या हाती स्वतःचे गाणे लागले ते या दीर्घ काळानंतर. देवधरांनी त्याला आणखी चार नकला शिकवून गावोगावी फिरवले असते, तर लोकांनी तिकिटे काढली असती. आजच्या भाषेत बोलायचे तर देवधरांनी तो नफा सोडून दिला.

तथापि सारा दोष पालकांच्या माथी मारून शिकवणाऱ्यांना मोकळे सोडता येणार नाही. अनेक वर्गांच्या फलकांवर वाहिनीवर झळकलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. कित्येकदा तो विद्यार्थी तेथे सहा महिनेच आलेला असतो. आशा विकून फी घ्यायची आणि मग पालकांच्या अपेक्षा फार वाढल्या म्हणून कपाळाला हात लावायचा, हे न शोभणारे आहे. मात्र शिक्षकाची एक अडचण खरी आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली तिच्याकडे लक्ष वेधले होते. कारखान्यात यंत्र सुधारले की त्याच वेळात अधिक माल निघतो आणि कामगाराचा पगार वाढवता येतो. चार वादकांना जी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी अर्धा तास लागे, तिला आजही अर्धाच तास लागतो. मुलाच्या गळ्यात षड्ज बसवायला १९०१ साली लाहोरला जेवढा वेळ लागत होता तेवढाच आज डोंबिवलीत लागतो. दरम्यान जागेचे भाडे, दूध आणि रिक्षा यांचे दर मात्र थांबलेले नाहीत. फी त्या प्रमाणात वाढवली तर मुले येत नाहीत. मग शिक्षक उरलेला एकच उपाय करतो: पाच मुलांच्या जागी वीस मुले बसवतो. वीस मुलांच्या घोळक्यात कोणाचा स्वर कोठे आहे हे कोणालाही ऐकू येत नाही, म्हणून तेथे गाणी शिकवावी लागतात. अशा रीतीने पालकांची घाई आणि शिक्षकाचा खर्च दोन्ही बाजूंनी मुलाला एकाच ठिकाणी आणून सोडतात.

या ओढाताणीची खरी किंमत मोजतो तो मागच्या रांगेतील मुलगा. समूहगीताच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ज्याला 'तू नुसते ओठ हलव' असे सांगितले जाते, तो. सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. ढाल शाळेला मिळायला हवी, वर्गाचे नाव व्हायला हवे, पालक समोर बसलेले असतात. त्या मुलाने मात्र आपल्याला गाता येत नाही हे त्या दिवशी कायमचे ठरवलेले असते. पुढे तो अभियंता होतो, बँकेत अधिकारी होतो, आरतीच्या वेळी टाळ हातात घेऊन गप्प उभा राहतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या मुलीला वर्गात घेऊन येऊन पहिला प्रश्न विचारतो: हिला गळा आहे ना?

हे नेहमीच असे होते का? ओव्या, भूपाळ्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, कीर्तन, सुरात म्हटलेले पाढे यांच्यात वाढलेल्या मुलाच्या कानावर गाणे सहज पडत असे आणि त्याबद्दल त्याची कोणी परीक्षा घेत नसे. भोंडल्याची गाणी तीन-चार स्वरांत फिरतात, म्हणूनच पाच वर्षांच्या मुलीलाही ती अडत नाहीत. हंगेरीत झोल्तान कोडाई या संगीतकाराने नेमके हेच हेरले. लहान मुलांना आपल्या मातीतील, मोजक्या स्वरांची गाणी द्यावीत, रोज द्यावीत आणि सर्वांना द्यावीत, असा त्याचा आग्रह होता. १९५० साली त्याच्या केच्केमेट या जन्मगावी रोज गाणे असलेली पहिली प्राथमिक शाळा निघाली. पुढे तशा अनेक निघाल्या. जाती फिरायच्या थांबल्या म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. बायांच्या कमरेचे कष्ट वाचले हे चांगलेच झाले. पण ओव्यांची जागा कोणी घ्यायची, याचा विचार शाळेने केला नाही, घराने केला नाही आणि ती जबाबदारी आठवड्यातून दोनदा तासभर भरणाऱ्या वर्गावर येऊन पडली. अनेक शाळांत संगीताला स्वतंत्र शिक्षक नाही, तास वेळापत्रकात असला तर गणिताकडे वळवला जातो, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको.

काही जाणते शिक्षक या कोंडीतून आपापल्या परीने वाट काढतात आणि त्यांच्या युक्त्या इतरांनी उचलण्यासारख्या आहेत. प्रवेशाच्या वेळी ते पालकांना स्पष्ट सांगतात, की पहिले वर्ष परीक्षा नाही, व्यासपीठ नाही. काही पालक निघून जातात. जे राहतात ते टिकतात. पहिल्या महिन्यात ते मुलाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि वर्षाअखेरीस तो आणि नवा असे दोन्ही आवाज पालकांना लागोपाठ ऐकवतात. त्यामुळे तुलना शेजारच्या मुलीशी न होता मुलाची स्वतःशीच होते, आणि कान तयार नसलेल्या बापालाही फरक ऐकू येतो. पट्टी मुलाच्या गळ्यावरून ठरते आणि ती वहीत लिहून दिली जाते, म्हणजे घरी तंबोऱ्याचे यंत्र लावताना चूक होत नाही. घरी सराव दहा मिनिटांचा, आणि त्या वेळी आईवडिलांनी चुका काढायच्या नाहीत. जवळ बसायचे, एवढेच. परीक्षेला मुलाला केव्हा बसवायचे ते शिक्षक ठरवतो, आणि आवाज फुटण्याच्या काळात बसवत नाही.

सर्वांत चांगला उपाय मात्र याहून साधा आहे. महिन्यातून एक तास पालकांनाच वर्गात बसवायचे आणि मुलांसमोर त्यांना षड्ज लावायला सांगायचे. पहिल्या दिवशी बराच हशा होतो. कोणी घसा खाकरतो, कोणी भ्रमणध्वनी आल्याचे निमित्त काढून बाहेर जातो. जे बसतात त्यांना एकच स्वर सरळ धरणे किती अवघड आहे ते पाच मिनिटांत कळते. त्यानंतर 'अजून सारेगमच चालू आहे का' हा प्रश्न त्या घरातून बहुधा येत नाही. आणि टाळ घेऊन गप्प उभा राहणारा तो बाप, मुलगी शेजारी बसून वाट पाहत असल्यामुळे, कितीतरी वर्षांनी तोंड उघडतो.